लेस पॉल यांच्या हातातली लेस पॉल

1952 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, कॅलमझू इथल्या गिब्सन कंपनीच्या कारखान्यातून सोनेरी रंगाची एक गिटार बाजारात आली. किंमत 210 डॉलर. हेडस्टॉकवर, म्हणजे गिटारच्या वरच्या टोकावर, सहीसारख्या वळणदार अक्षरांत त्या काळच्या अमेरिकेतल्या अतिशय गाजलेल्या गिटारवादकाचं नाव होतं: लेस पॉल. ते आणि त्यांची पत्नी मेरी फोर्ड रंगमंचावर, जाहिरातींत आणि पुढे टीव्हीवरही याच नावाच्या गिटार घेऊन दिसायचे. दुकानात पैसे मोजून ती गिटार घरी नेणाऱ्याला वाटणारच, की रेडिओवर ऐकतो तो आवाज आता आपल्या हाती आला.

तो आवाज त्या गिटारचा नव्हताच. या जोडप्याचं ‘हाउ हाय द मून’ हे गाणं 1951 मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेव्हा लेस पॉल नावाची गिटार बाजारात यायला वर्षभर अवकाश होता. ते वाजवलं होतं एपिफोन या दुसऱ्याच कंपनीच्या, आतून कापून-जोडून बदललेल्या गिटारवर. नवी गिटार हाती आल्यावर लेस यांनी तिच्यातही फेरफार केले, आणि त्यांतला सर्वांत मोठा फेरफार पिकअपचा होता. तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा हा भाग, इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाचा उगम तिथेच असतो.

मी गिटार शिकवतो. ‘सर, ज्याच्या नावाचं हे मॉडेल आहे तो स्वतः हेच वाजवतो का?’ हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. साध्या मॉडेलपेक्षा नावाचं मॉडेल महाग असतं आणि ते पैसे बहुधा आईवडिलांचे असतात, म्हणून मला हा प्रश्न उडवून लावता येत नाही. उत्तर देताना मी दर वेळी लेस पॉल यांच्याकडे वळतो. सिग्नेचर गिटारचं, म्हणजे वादकाचं नाव देऊन विकलेल्या गिटारचं, याहून मोठं उदाहरण नाही. शिवाय वादक आणि कंपनीचा तेव्हाचा प्रमुख, दोघेही आपापली बाजू सांगून गेलेत आणि त्या दोन बाजू जुळत नाहीत. पन्नासहून अधिक वर्षांच्या या नात्यात सिग्नेचर गिटारबाबत जे जे घडू शकतं ते जवळजवळ सगळं घडून गेलं आहे.

पुढे गोंधळ नको म्हणून माणसाला ‘लेस’ म्हणतो आणि गिटारला ‘लेस पॉल’.

ओंडका आणि त्याचे पंख

लेस यांचं जन्मनाव लेस्टर विल्यम पोल्सफस. जन्म 9 जून 1915, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावचा. लहानपणापासून त्यांना दोन वेडं होती, वाजवण्याचं आणि वस्तू उघडून बघण्याचं. त्या काळच्या पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की लाकडी पेटी स्वतःच थरथरायची, तो थरथराट पिकअपमध्ये परत शिरायचा आणि घूं असा फीडबॅक सुरू व्हायचा. लेस यांना वाटलं, पेटीच काढून टाकली तर? तार तेवढी हलावी, लाकूड हलू नये.

1940 च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांनी हा प्रयोग केला. सुमारे चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका, त्याला गिटारचा नेक (तारा जिथे बोटांनी दाबतात ती लांब मान), वर पिकअप आणि तारा. नावही सरळ ठेवलं, ‘द लॉग’, म्हणजे ओंडका. पुढची हकिकत लेस आयुष्यभर सांगत राहिले. तो नुसता ओंडका घेऊन ते एका क्लबात वाजवायला गेले तर कुणी फारशी दाद दिली नाही. मग त्यांनी एक एपिफोन गिटार उभी चिरली आणि तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे लावले. आवाजात त्या पंखांचा काही हात नव्हता. पण आता ती गिटारसारखी दिसत होती, आणि लोक खूश झाले.

या हकिकतीत पुढच्या सगळ्या प्रकरणाचं बीज आहे असं मला वाटतं. लोक गिटार आधी डोळ्यांनी ऐकतात, हे लेस यांना सही करण्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

हा ओंडका आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. 1940 च्या दशकात लेस तो घेऊन गिब्सनकडे गेले होते. तिथल्या लोकांनी त्याची ‘पिकअप लावलेला झाडू’ अशी संभावना करून त्यांना परत पाठवलं, हेही लेस यांनीच सांगितलेलं.

गिब्सनला नाव हवं होतं

1950 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली. पुढे तिचं नाव टेलिकास्टर झालं. एक फळी, तिला स्क्रूने जोडलेला नेक. मँडोलिन आणि कोरीव गिटारच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या गिब्सनच्या लोकांना ती सुतारकामासारखी वाटली, पण ती खपू लागली तेव्हा गप्प बसणं परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी टेड मॅकार्टी गिब्सनचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी महोगनीच्या बॉडीवर मेपलचा बाकदार, कोरलेला थर बसवलेली भरीव गिटार तयार करवली. असं कोरीव काम फेंडरच्या कारखान्यात होत नव्हतं, हा त्यामागचा हिशेब.

गिटार तयार झाली, पण भरीव गिटार हा प्रकार प्रतिष्ठित दुकानदारांच्या गळी उतरवायला कुणाचं तरी वजन हवं होतं. मॅकार्टी नमुना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या डेलावेअर वॉटर गॅपच्या डोंगरात गेले. तिथल्या एका शिकारीच्या लॉजवर लेस आणि मेरी रेकॉर्डिंग करत होते. मॅकार्टी यांच्या आठवणीप्रमाणे लेस यांनी गिटार वाजवून पाहिली, ती त्यांना आवडली, आणि तिथेच पानदीड पानाचा करार ठरला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गिटारमागे लेस यांना रॉयल्टी मिळणार. त्या बदल्यात लोकांसमोर वाजवताना त्यांच्या हाती गिब्सनच दिसली पाहिजे. मुदत पाच वर्षं, आणि पुढे ती वाढवली गेली.

गिटार घडवली कुणी, यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही. लेस म्हणत की रचनेत त्यांचा मोठा वाटा होता. मॅकार्टी म्हणत की गिटार आमच्या लोकांनी घडवली, लेस यांचं त्यात जे खास आहे ते म्हणजे टेलपीस, तारा अडकवण्याचा भाग. सोनेरी रंगाची कल्पना मात्र लेस यांची, कारण सोनं म्हटलं की वस्तू भारी वाटते. दोन वर्षांनी आलेल्या ‘कस्टम’ मॉडेलचा काळा रंगही त्यांच्याच डोक्यातला. रंगमंचावर काळ्या सुटाला काळी गिटार शोभते आणि तिच्यावर फिरणारे हात प्रेक्षकांना उठून दिसतात, असं ते सांगत.

रचनेच्या वादात मी मॅकार्टी यांच्या बाजूने झुकतो. लाकूड, कोरीव माथा, नेक बसवण्याची पद्धत, या सगळ्यावर गिब्सनच्या जुन्या कारागिरीची छाप स्पष्ट आहे. पण मॅकार्टी यांचं म्हणणं खरं धरलं तर कंपनीच्या बाजूने ते अडचणीचं ठरतं. ज्याचं नाव गिटारवर आहे त्याने ती घडवलेली नाही, हे कंपनीचा प्रमुखच सांगतो आहे असा त्याचा अर्थ होतो.

टेलपीसची फजिती

लेस यांचं म्हणून जे निर्विवाद होतं, नेमकं तेच कारखान्यात बिघडलं. तारा अडकवण्याचा आणि पेलण्याचा तो एकसंध धातूचा भाग त्यांच्या कल्पनेतून आला होता, त्याचं पेटंटही त्यांच्या नावावर आहे. तारा आडव्या दांड्याच्या वरून जाव्यात अशी मूळ योजना. पण कॅलमझूला पहिल्या गिटारींचा नेक इतक्या कमी कोनात बसवला गेला, की वरून नेलेल्या तारा बोटांपासून फार उंच राहायला लागल्या. उपाय म्हणून कारखान्याने तारा दांड्याखालून ओवल्या.

जे गिटार वाजवत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, यात काय बिघडतं ते. उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) तारांवर अलगद टेकवून वाजवलं की स्वर आखूड, टपोरा, तुटक निघतो. लेस यांच्या वादनाची ही ओळखीची लकब. तारा दांड्याखालून गेल्या की तळहात टेकतो तो दांड्यावर, तारेवर नाही. म्हणजे 1952 ची दुकानातली लेस पॉल घेऊन लेस यांच्यासारखं वाजवणं अवघडच होतं. गिब्सनने 1953 मध्ये तो भाग बदलला, नेकचा कोनही सुधारला. पहिल्या गिटारी चुकीच्या बनल्या, असं लेस पुढे उघडपणे म्हणायचे.

कमी वेटोळ्यांचा पिकअप

खरा मुद्दा मात्र पिकअपचा. तो थोडा तांत्रिक आहे, पण तो कळल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेची वेटोळी. 1952 च्या लेस पॉलमध्ये गिब्सनचे पी-90 पिकअप होते आणि त्यात सुमारे दहा हजार वेटोळी असत. वेटोळी जास्त म्हणजे विजेचा दाब जास्त, अँपला (आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरला) जोराचा सिग्नल. पण त्याबरोबर इंपिडन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळाही वाढतो. जास्त इंपिडन्सचा सिग्नल लांब केबलमधून नेला की वरच्या पट्टीतली चमक केबलमध्येच गळते, शिवाय आजूबाजूच्या विजेची गुणगुण तो चटकन पकडतो. दहा-पंधरा फुटांची केबल आणि पलीकडे गिटारचा अँप एवढाच संसार असेल तर यात काही अडत नाही. उलट तो थोडा जाडसर, भरलेला आवाज बहुतेकांना आवडतो.

लेस यांचा संसार वेगळा होता. घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये ते एकावर एक आवाज चढवत. एक ओळ वाजवून टेपवर घ्यायची, ती ऐकत तिच्यावर दुसरी वाजवायची, दोन्ही मिळून नव्याने मुद्रित करायची, मग तिसरी. बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना अँपेक्सचं टेप मशीन भेट दिलं होतं. लेस यांनी त्याला एक जास्तीचं हेड बसवून घेतलं आणि त्यावर हा उद्योग चालायचा. या पद्धतीत प्रत्येक थरागणिक आधीचं सगळं पुन्हा मुद्रित होतं. पहिल्या थरात गुणगुण असेल तर ती शेवटपर्यंत सोबत येते आणि वाढत जाते. पहिल्या थरातली चमक कमी असेल तर शेवटी तो थर चिखलासारखा ऐकू येतो. म्हणून गिटारमधून निघणारा सिग्नल सुरुवातीलाच अतिशय स्वच्छ असणं ही त्यांची गरज होती. आवडीनिवडीला तिथे फारसा वाव नव्हता.

त्यावर त्यांचा तोडगा होता कमी इंपिडन्सचा पिकअप. वेटोळी कमी, सिग्नल अशक्त, पण स्वच्छ आणि वरपासून खालपर्यंत पूर्ण. अशक्त सिग्नल ट्रान्स्फॉर्मरने किंवा मायक्रोफोनसाठीच्या उपकरणाने वाढवता येतो. केबलमध्ये गेलेली चमक मात्र परत आणता येत नाही. लेस असे पिकअप स्वतः बनवत, बदलत, पुन्हा बनवत. त्यांच्या आणि मेरी यांच्या 1950 च्या दशकातल्या गिटारींचे फोटो ओळीने पाहिले, तर एकच गिटारही दोन फोटोंत सारखी असेल याची खात्री देता येत नाही. कुठे पिकअप वेगळा, कुठे ब्रिज, कुठे बटणं वाढलेली. नाव मात्र दर वेळी तेच.

लेस यांनी करार मोडला का? नाही. लोकांसमोर त्यांच्या हाती गिब्सनच होती, हेडस्टॉकवर गिब्सनच लिहिलेलं होतं. आत काय असावं याविषयी करारात एक शब्द नव्हता. गिब्सनलाही हे माहीत होतं, आणि त्यांची हरकत नव्हती. पण 210 डॉलर मोजणाऱ्या तिसऱ्या माणसाला हे कुणी सांगितलं नाही, आणि माझा आक्षेप तिथे आहे. करार दोघांत झाला होता. त्या करारात नसलेल्या माणसाने त्याच्या जोरावर पैसे मोजले.

नको असलेल्या गिटारवरचं नाव

1957 मध्ये लेस पॉलमध्ये गिब्सनचे तंत्रज्ञ सेथ लव्हर यांनी बनवलेले हंबकर पिकअप आले. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून गुणगुण मारणारे. 1958 पासून सोनेरी रंगाच्या जागी मेपलच्या रेषा दाखवणारा लालसर-पिवळा सनबर्स्ट रंग आला. आज ज्या लेस पॉलसाठी संग्राहक लाखो डॉलर मोजतात त्या याच, 1958 ते 1960 मधल्या. तेव्हा मात्र त्यांना गिऱ्हाईक मिळेना. गिटार जड, किंमत जास्त, आणि रॉक अँड रोलच्या लाटेत लेस-मेरी यांची गाणीही मागे पडलेली.

मग 1961 मध्ये गिब्सनने गिटारचा आकारच बदलला. पातळ बॉडी, दोन टोकदार शिंगं, वजनाला हलकी. नाव तेच ठेवलं, लेस पॉल. आपण ती पहिल्यांदा एका दुकानात पाहिली असं लेस सांगत, आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. बॉडी फार पातळ, शिंगं टोचतील अशी, नेकचा जोड कमजोर. आपलं नाव काढून टाका, असं त्यांनी कंपनीला कळवलं.

पण गंमत बघा, याच काळातल्या प्रसिद्धीच्या फोटोंत लेस आणि मेरी या नव्या आकाराच्या पांढऱ्या गिटारी घेऊन प्रसन्न मुद्रेने उभे आहेत. करार अजून चालू होता.

सिग्नेचर गिटारविषयी मनात शंका असणाऱ्याने हे फोटो जरूर पाहावेत. 1950 च्या दशकात लेस आपल्याच नावाची गिटार बदलून वाजवत होते. त्यात थोडा लपवाछपवीचा भाग असला तरी वाजवणं खरं होतं. 1961 नंतरच्या फोटोंत मात्र हाती घेतलेली वस्तू त्यांना नको होती. दोन्ही फोटो जाहिरातीत सारखेच दिसतात. बाहेरच्या माणसाला त्यांतला फरक ओळखता येत नाही.

याच सुमारास लेस आणि मेरी यांचा संसार मोडला. ते वेगळे झाले आणि 1964 मध्ये घटस्फोट झाला. नव्या कराराचे पैसे त्या वाटणीत येऊ नयेत म्हणून आपण सही टाळली, असंही लेस यांनी सांगितलं आहे. आकार आवडला नाही हे एक कारण आणि घटस्फोट हे दुसरं. मला दोन्ही खरी वाटतात. 1963 मध्ये गिटारवरून त्यांचं नाव गेलं. तीच गिटार एसजी या नावाने पुढे चालू राहिली, आणि तिने स्वतःची कीर्ती मिळवली.

इंग्लंडमधली पोरं

काही वर्षं लेस पॉल नावाची गिटार कारखान्यात बनतच नव्हती. आणि नेमक्या त्याच वर्षांत तिचं नशीब उघडलं.

लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्समध्ये वाजवत होते. त्यांनी एक वापरलेली सनबर्स्ट लेस पॉल घेतली, ती मार्शलच्या अँपला जोडली आणि आवाज इतका वाढवला की अँपमधून तो फाटून यायला लागला. 1966 मध्ये निघालेल्या त्यांच्या अल्बममधला तो जाड, लांबणारा, कण्हणारा स्वर ऐकून अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या गिटारवादकांनी जुन्या लेस पॉल शोधायला सुरुवात केली. त्या काळात ती वाजवणाऱ्यांत कीथ रिचर्ड्स (क्लॅप्टन यांच्याही आधीपासून), पीटर ग्रीन, अमेरिकेत माइक ब्लूमफील्ड आणि नंतर जिमी पेज हे होते. यांतल्या एकाचंही नाव गिटारवर नव्हतं आणि ती वाजवल्याबद्दल गिब्सनकडून कुणाला छदामही मिळत नव्हता. तीच गिटार त्यांनी स्वतःच्या पैशांनी, दुसऱ्याकडून, शोधून घेतली होती.

तो आवाज कशामुळे निघत होता? हंबकरच्या हजारो वेटोळ्यांमुळे. सिग्नल जोरात येतो, अँपच्या व्हॉल्व्हना ढकलतो, आणि ते ढकलणं म्हणजेच तो फाटका, गोड स्वर. लेस यांना जे नको होतं, जे बाजूला सारून ते स्वतःचे पिकअप बसवत, त्याच भागाने त्यांचं नाव अजरामर केलं. हे प्रकरण मी मुलांना शिकवतो तेव्हा या जागी थांबतो. लेस यांच्या पद्धतीने सगळ्या लेस पॉल घडल्या असत्या, तर क्लॅप्टन यांचा तो स्वर मार्शलमधून तसा निघाला नसता.

गिब्सनला मागणी दिसली. लेस यांच्याशी नवा करार झाला आणि 1968 मध्ये लेस पॉल पुन्हा बाजारात आली.

जे ते वाजवत होते तेच विकलं तेव्हा

या वेळी लेस यांनी आपला जुना आग्रह पुढे रेटला. 1969 मध्ये गिब्सनने ‘पर्सनल’ आणि ‘प्रोफेशनल’ ही दोन मॉडेल काढली, 1971 मध्ये ‘रेकॉर्डिंग’. तिन्हींत कमी इंपिडन्सचे, तिरके बसवलेले, काळे लांबट पिकअप. पर्सनलवर बॉडीच्या कडेला मायक्रोफोन जोडण्याची सोयसुद्धा होती, कारण लेस यांना वाजवता वाजवता बोलायचं असे. पहिल्या दोन मॉडेलना नेहमीच्या अँपला जोडायचं तर ट्रान्स्फॉर्मर असलेली खास केबल लागायची. रेकॉर्डिंगमध्ये ट्रान्स्फॉर्मर गिटारच्या आतच बसवला, एक खटका दाबून स्टुडिओसाठी किंवा अँपसाठी निवड करता यावी म्हणून.

कंपनीने याआधी त्यांच्या नावावर जे जे विकलं, त्या सगळ्यात ही सर्वांत प्रामाणिक सिग्नेचर गिटार. कलाकाराने आपली गरज सांगितली, कंपनीने ती जशीच्या तशी घडवली आणि कलाकार ती खरोखर वाजवत होता. लोकांनी ती फारशी घेतली नाही. बटणांची गर्दी कळेना, अँपमधून आवाज मिळमिळीत वाटे. त्यांना क्लॅप्टन आणि पेज यांचा आवाज हवा होता आणि तो लेस यांच्या पसंतीच्या गिटारमध्ये नव्हता. 1970 च्या दशकाअखेर रेकॉर्डिंग मॉडेल बंद पडलं.

म्हणून ग्राहकाची फसवणूक एवढंच या प्रकरणाबद्दल म्हणणं मला पटत नाही. 1952 मध्ये ग्राहकाला वेगळी वस्तू मिळाली आणि ते त्याला सांगितलं गेलं नाही, ही चूकच. पण 1971 मध्ये खरी वस्तू समोर ठेवल्यावर त्याने तिच्याकडे पाठ फिरवली. त्याला लेस यांचं नाव, लेस यांची गिटार आणि लेस यांचा आवाज या तीन गोष्टी एकच वाटत होत्या. त्या कधीच एक नव्हत्या. आवाज टेप मशीनमध्ये होता, हातात होता, आणि एका माणसाने रात्र रात्र बसून गुंडाळलेल्या वेटोळ्यांत होता.

इतरत्र काय घडतं त्याच्याशी ताडून पाहिलं तर लेस यांची जागा मधली दिसते. एका टोकाला क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे. 1960 च्या दशकात वडिलांबरोबर घरी घडवलेली ‘रेड स्पेशल’ हीच त्यांची मुख्य गिटार. तिच्या प्रतिकृती बाजारात मिळतात, मे स्वतः मूळ गिटारच हातात घेतात, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यात कुणाची दिशाभूल नाही. दुसऱ्या टोकाला पुन्हा क्लॅप्टनच. 1988 मध्ये फेंडरने त्यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली आणि क्लॅप्टन पुढे वर्षानुवर्षं तसल्याच गिटारी रंगमंचावर वाजवत राहिले. लेस या दोघांच्या मध्ये, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखं जास्त.

शिष्य विचारतो तेव्हा मी त्याचाच प्रश्न फिरवून त्याच्याकडे देतो. कलाकार ही गिटार वाजवतो का, हे नंतर बघू. या गिटारमधली कोणती गोष्ट त्याने मागून घेतली आहे, आणि ती कोणत्या कामासाठी? ते काम तू करतोस का? लेस यांना कमी वेटोळी हवी होती, कारण ते टेपवर थर चढवत होते. तुला शनिवारी कॉलेजच्या मंचावर रॉक वाजवायचं असेल तर त्यांच्या पसंतीचा पिकअप तुझ्या उपयोगाचा नाही, त्यांनी नाकारलेला मात्र उपयोगाचा आहे. नेकची जाडी, बॉडीचं वजन, पिकअपची ताकद हे हातात घेऊन, अँपला लावून कळतं. हेडस्टॉकवरची सही वाचून त्यातलं काहीच कळत नाही. यावर काही मुलं नाराज होतात. आवडत्या वादकाचं नाव असलेली गिटार हाती घेण्याचा आनंद मी जाणतो आणि तो खोटा नाही. त्या आनंदासाठी पैसे मोजायचे असतील तर आनंदाचे म्हणून मोजावेत, एवढंच मी सांगतो.

सोमवारची रात्र

लेस वाजवत राहिले. 1984 पासून न्यूयॉर्कच्या फॅट ट्यूजडेज क्लबात आणि 1996 पासून इरिडियम क्लबात, दर सोमवारी. संधिवाताने बोटं आखडली होती, थोडीच चालत होती, तरी त्यांनी वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत हा नेम सांभाळला. 12 ऑगस्ट 2009 रोजी ते गेले.

2021 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्यांच्याकडची 1952 ची सोनेरी लेस पॉल 9 लाख 30 हजार डॉलरना गेली. त्यांनी स्वतः वापरलेली, म्हणून.

इरिडियममध्ये त्यांच्या मांडीवर असायची बाजारात न चाललेली रेकॉर्डिंग, तीही स्वतः फेरफार केलेली. कार्यक्रम संपला की लोक रांग लावत. हातात आपापल्या लेस पॉल, बहुतेक सनबर्स्ट नाहीतर काळ्या, बहुतेकींत हंबकर. लेस शांतपणे एकेक गिटार जवळ घेत, मालकाशी दोन शब्द बोलत, आणि तिच्यावर आपलं नाव लिहून देत.